पाहिलं, काही केलं नाही

३ तारीख, मंगळवार

ही वही घेऊन एकवीस दिवस झाले. पहिल्याच दिवशी लिहायला बसले तर पेन चालेना. रिफिल आणायला खाली उतरले. खाली इस्त्रीवाल्या मावशींचं दुकान, माझी खोलीही त्यांचीच. त्या चादरींच्या ढिगात बुडालेल्या. म्हणाल्या, "एक टोक धर गं." टोकं धरता धरता संध्याकाळ झाली. रिफिल आली चौथ्या दिवशी. मग वहीत रेघा फार लांब लांब आहेत म्हणून रुसून बसले. खरं कारण निराळं आहे. लिहायचं म्हटलं की आधी कुठून निघालो ते लिहावं लागतं, आणि तेच नको होतं.

म्हणून मधूनच सुरू करते.

सध्या मी तीन माणसांच्या कचेरीत आहे. तीन म्हणजे मला धरून. आमचं काम काय ते मावशींना सांगितलं तसंच इथे लिहिते. चष्म्याची दुकानं बारा. काचा घासून चष्मे बनवणारा कारखाना एक. दुकानांचा संगणक एक भाषा बोलतो, कारखान्याचा दुसरी. मधे आमचा कनेक्टर. तो दुकानातली ऑर्डर उचलतो, कारखान्याला कळेल अशी करतो, आणि पोचवतो.

मावशी म्हणाल्या, "म्हणजे मधला माणूस."

"तसंच."

"मग मधल्या मधे खातो का?"

तिथेच तर घोडं अडलंय. खातो! महिना झाला, शंभरातल्या दोन-तीन ऑर्डरी वाटेत नाहीशा होतात. माणूस आठ दिवस चष्म्याची वाट बघतो, आणि मग कळतं की कारखान्यात त्याचं नावही पोचलेलं नाही. मी तेव्हा त्याच बारांपैकी एका दुकानात गल्ल्यामागे उभी राहायचे. लोक मला बोलायचे, मी कचेरीला फोन करून बोलायचे. चौथ्या फोनला पलीकडून बाई, म्हणजे कचेरीच्या मालकीण, म्हणाल्या, "तू भांडतेस, पण क्रमाने भांडतेस. आधी हे झालं, मग ते झालं. असं सांगणारं माणूस मला पाहिजे. येतेस?"

मी कुठेही जाते. गेले.

आता अट अशी की तीस तारखेच्या आत खोट सापडली नाही, तर दुकानवाले दुसऱ्याचा कनेक्टर घेणार. त्यांचे व्यवस्थापक फोनवर प्रत्येक वाक्य "तीस तारीख" असं संपवतात, म्हणून त्यांचं नावच तीस तारीख पडलंय. बाईंकडे हे एवढं एकच काम आहे. ते गेलं की कुलूप.

मला काय त्याचं, असं लिहिणार होते. माझी पिशवी दाराच्या मागे खिळ्याला भरलेलीच असते. पण लिहवत नाहीये.

४ तारीख, बुधवार

कचेरी दोन खोल्यांची, एकावर एक. खाली बाई, त्यांचं टेबल आणि भिंतीवर एक घड्याळ, सात मिनिटं मागे. वर लाकडी जिना चढून गेलं की आमची खोली. तिथे मी आणि गुपचूप. गुपचूप म्हणजे ज्याने बाईंबरोबर कनेक्टर बांधला तो. आठवड्यात मी त्याचे अकरा शब्द मोजले. त्यातले चार "हं".

आज बाईंनी ट्रेस म्हणजे काय ते शिकवलं.

"प्रोग्राम मुका असतो. काय करतो ते दिसत नाही. म्हणून त्याच्या वाटेवर जागोजागी एकेक ओळ ठेवायची. तिथून जाताना तो ती एका फायलीत लिहून पुढे जातो. आलो. हे घेतलं. तिकडे दिलं. काही बिघडलं की फाईल उघडायची आणि माग काढत जायचं. त्या ओळी तू लिहायच्या. कुठे ठेवायच्या ते हा दाखवेल."

"म्हणजे दैनंदिनीच की."

"हो. पण तुझ्यासारखी नाही. रोज लिहिलेली."

माझ्या झोळीतून वही डोकावत होती. बाईंना सगळं दिसतं.

मी विचारलं, प्रत्येक ओळीला वेळ कुठली? बाई म्हणाल्या, "यंत्राची. भिंतीवरची मानू नकोस, ते घड्याळ आळशी आहे." ते आळशी नाही. त्याचा लोलक झुकलाय आणि आत तेल सुकलंय, खालून जातानाच ऐकू येतं. पण मी गप्प बसले. दुरुस्त करता येतं म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, कुठे शिकलीस.

६ तारीख, शुक्रवार

आज मी कनेक्टर पाडला.

मी ओळी मनापासून लिहिल्या होत्या. "नमस्कार. मी आता दुकान क्रमांक पाचमध्ये आले आहे. इथे एक ऑर्डर दिसते आहे. ती उचलते." अशा. शिवाय काही आलं नाही तर "अजून कोणी आलेलं नाही, वाट बघते आहे", सेकंदाला एकदा. मला वाटलं, बिचाऱ्याला एकटं वाटू नये.

अकराच्या सुमारास फाईल एवढी फुगली की डिस्कवर जागा उरली नाही, आणि कनेक्टर मटकन खाली बसला. बारा दुकानं पाऊण तास हातावर हात ठेवून. तीस तारीख यांचा फोन बाईंनी कानापासून वीतभर लांब धरला तरी वरपर्यंत ऐकू आला.

फोन ठेवून बाई जिन्याशी आल्या. मला वाटलं, संपलं. त्या म्हणाल्या, "वाट बघताना बोलायचं नाही. बघायची फक्त." आणि परत गेल्या.

गुपचूपने फाईल साफ केली. करता करता वाचतही होता. शेवटी म्हणाला, "मला आवडल्या."

अशा वेळी मी आजवर पिशवी उचलत आलेय. बेकरी, नावेवरचं स्वयंपाकघर, रोपवाटिका, सगळीकडे एक दिवस असा येतो आणि दुसऱ्या दिवशी मी नसते. आजही दुपारीच खोलीवर गेले. खिळ्याला पिशवी नव्हती. खाली दोरीवर वाळत होती, आणि माझे सगळे कपडे मावशींच्या ढिगात.

"मळली होती," मावशी म्हणाल्या. "ओल्या पिशवीत काय भरणार? जा, कामाला जा."

गेले.

९ तारीख, सोमवार

ताईला फोन केला. दोन-तीन महिन्यांतून एकदा करते, ज्याचा मिळेल त्याच्या फोनवरून.

"कुठे आहेस?"

"बरी आहे."

"कशी आहेस ते विचारलं नाही मी. कुठे आहेस?"

"बाबा कसे आहेत?"

"बाबांच्या चष्म्याची डावी काडी तुटलीय. तिथे दोरा बांधून कानामागे अडकवतात. नवा करा म्हटलं तर म्हणतात, मला दिसतंय. काल एक स्क्रू पडला, अर्धा तास जमीन चाचपत होते. त्यांच्या पायाशीच होता. हल्ली दुपारीच दुकान बंद करतात, आणि म्हणतात, गिऱ्हाईक नव्हतं."

"माझं काही विचारतात?"

"छे. तुझा फोन आला की मात्र बरोब्बर कळतं त्यांना. विचारतात, कोणाचा होता? तिचा, म्हणते. मग म्हणतात, 'अस्सं. मला वाटलं गिऱ्हाईक.'"

बाबा घड्याळं दुरुस्त करतात. मी दुकानात त्यांच्या शेजारच्या स्टुलावर वाढले, आणि पुढेही तिथेच बसावं असं ठरलेलं होतं. कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं तेव्हा तर पक्कंच. एके सकाळी डोळ्याला भिंग लावून ते एका मनगटी घड्याळात वाकले होते. मी दारातून "येते" म्हटलं. ते "हं" म्हणाले. वर पाहिलंच नाही. साडेतीन वर्षं झाली.

हे लिहायचं नव्हतं. कनेक्टरबद्दल लिहायचं होतं.

१० तारीख, मंगळवार

बाईंचं ऐकून ओळी छोट्या केल्या. इतक्या, की चाळीस ठिकाणी एकच शब्द ठेवला, "पोचले". दुपारी एक ऑर्डर हरवली. फाईल उघडली. पोचले, पोचले, पोचले, पोचले.

"कुठे?" बाईंनी विचारलं.

मी ताईला फोनवर देते तसलं उत्तर देणार होते, पण ते इथे चाललं नसतं.

१२ तारीख, गुरुवार

आज खालून जाताना बाईंचं घड्याळ तासाचे ठोके देताना अडखळलं, आणि त्या आवाजासरशी मला एकदम झाकणं आठवली.

घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला बारीक ओरखडे असतात. ज्या ज्या कारागिराने ते उघडलं, त्याने सुईने ओरखडलेली तारीख आणि एखादं अक्षर. घड्याळाच्या मालकाला ते कधीच दिसत नाही. ते असतं पुढच्या कारागिरासाठी. बाबा नवं घड्याळ आलं की झाकण माझ्यापुढे धरायचे. "भिंगरी, वाच." मला भिंगरी म्हणणारे जगात ते एकटेच. मी एका जागी बसायचे नाही म्हणून. पण झाकण वाचायला बसायचे. माझे डोळे तेव्हा भिंगाशिवाय चालायचे.

बाबांची अक्षरंही ठरलेली. त म्हणजे तेल घातलं. क म्हणजे कमान, आतली स्प्रिंग, बदलली. स म्हणजे साफ केलं. आणि नुसतं एक शून्य, नखाएवढंही नाही, म्हणजे उघडलं, पाहिलं, काही केलं नाही. मी एकदा विचारलं होतं, काहीच केलं नाही तर खूण कशाला? म्हणाले, "नाहीतर पुढचा म्हणेल, इथे कोणी आलंच नव्हतं."

जागा अंगठ्याच्या नखाएवढी, म्हणून पाल्हाळ नाही. पण तारीख आणि काय केलं ते चुकवायचं नाही. मी वर जाऊन चाळीसच्या चाळीस "पोचले" पुसले. आता प्रत्येक ओळीत ऑर्डर कोणाची, कुठल्या पायरीवर, काय केलं, एवढंच. "दुकान ५, ऑर्डर ३१२, उचलली." "दुकान ५, ऑर्डर ३१२, तपासली." "दुकान ५, ऑर्डर ३१२, कारखान्याला दिली."

गुपचूपने वाचलं. "हे कुठे शिकलीस?"

तीन शब्द! मी म्हटलं, असंच.

१६ तारीख, सोमवार

आता माग लागतोय, पण अर्धाच. हरवणारी ऑर्डर येते. उचलली जाते. तपासली जाते. पुढे काही नाही. जिवंत माणूस खोलीत शिरला आणि खोलीला दुसरं दार नाही, असं काहीतरी.

बाई म्हणाल्या, आता चाचणीच्या ऑर्डरी टाकून बघ. त्यासाठी एक खोटं दुकान आहे, क्रमांक शून्य, पत्ता आमच्याच कचेरीचा. "फक्त नावाच्या आधी 'चाचणी' हा शब्द घालायचा. तो दिसला की कारखान्यातले ती बाजूला ठेवतात. नाही घातलास तर बसतील खऱ्या काचा घासत."

कारखान्यात जाऊन बघायला पाहिजे एकदा काचा कशा घासतात. म्हणे काच फिरते आणि पाणी सारखं पडत राहतं. जिथे पाणी पडत राहतं तिथे मला करमतं.

१७ तारीख, मंगळवार

चाचणी एक, चाचणी दोन, अशा सात ऑर्डरी टाकल्या. फोन क्रमांक एक एक एक एक, दोन दोन दोन दोन. सातही सुतासारख्या सरळ कारखान्यात. एकही हरवेना.

बरोबरच आहे. असल्या पुठ्ठ्याच्या माणसांवर कोण रुसेल? मला वाटलं, खरीखुरी माणसं घालून बघावी. खरं नाव, खरा पत्ता, खरा नंबर. मला पाठ असलेला नंबर एकच, बाबांचा. उजवा सव्वादोन, डावा तीन. चष्म्याच्या दुकानात त्यांच्याबरोबर मीच गेले होते तपासायला. आमच्या यादीत फ्रेमींचे फोटोही आहेत. ते बघण्यात तास गेला. त्यांची होती तशी तपकिरी, रुंद काडीची, शेवटी सापडली. ऑर्डरीत एक चौकोन असतो, 'कारागिरास सूचना'. चष्म्याबरोबरच्या चिठ्ठीवर ते छापून येतं. त्यात लिहिलं, "काड्या पक्क्या बसवाव्यात. कानामागे दोरा बांधायची वेळ येऊ नये." पत्ता घरचा, फोन घरचा. सगळं इतकं नीट भरलं की पुन्हा दोनदा वाचून काढलं.

मग लगेच दुसरी. नाव भिंगरी, नंबर शून्य, पत्ता आणि फोन तेच.

संध्याकाळी आकडे जुळवले. चाचणीच्या सात वगळून, दुकानांनी पाठवलेल्या एकसष्ट, त्यातल्या दोन हरवल्या, म्हणजे कारखान्यात एकोणसाठ पाहिजेत. निघाल्या साठ. गुपचूपने खांदे उडवले. मीही. आपण कमी का पडतात ते शोधतोय. एक जास्त झाली तर कोण रडतंय?

१८ तारीख, बुधवार

सापडली! म्हणजे हरवली!

फायलीत कालच्या माझ्या दोन ऑर्डरी अशा आहेत, फक्त आकड्यांच्या जागी मी इथे नावं घालते.

"दुकान ०, बाबा, उचलली. तपासली. कारखान्याला दिली."

"दुकान ०, भिंगरी, उचलली. तपासली."

पुढे काही नाही. मी जिन्यावरून ओरडले, "बाई, भिंगरी नाहीशी झाली!"

"कोण?"

"मी. म्हणजे, ऑर्डर."

बाई वर आल्या, त्या दोन ओळींकडे बघत राहिल्या. "पहिली गेली, दुसरी गेली नाही. फरक काय दोघींत?"

"एक बाबांची, एक माझी."

"तसं नाही गं विचारत."

दिवसभर डोकं खाजवलं. काम काडीइतकंही हलेना. बारा दिवस उरलेत.

१९ तारीख, गुरुवार

सकाळी दात घासताना शून्य आठवलं. झाकणातलं, बाबांचं शून्य.

धावतच गेले. गुपचूपला म्हटलं, "तपासली आणि दिली, यांच्या मधे काय आहे?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"प्रोग्रामच्याच दोन ओळी. जुन्या."

"त्यातून कनेक्टर कधी काही न करता परत फिरतो का?"

त्याने खुर्ची सरकवून मला जागा दिली. कनेक्टर जिथे जिथे काही करतो तिथेच मी ओळी ठेवल्या होत्या. घेतलं, दिलं, केलं. नाही केलं, त्याची ओळ कोणीच ठेवली नव्हती. त्या दोन ओळींच्या परतीच्या वाटेवर मी एक ट्रेस ठेवला. "पाहिलं, काही केलं नाही. कारण:" आणि पुढे कारण काय ते कनेक्टरनेच लिहायचं.

आणि मग वाट बघितली. न बोलता. साडेबारापर्यंत नुसतं उचलली, तपासली, दिली. मग फायलीत ओळ उमटली.

"दुकान ९, ऑर्डर ७४०, पाहिलं, काही केलं नाही. कारण: याच फोनवरून आज आधी ऑर्डर आली आहे, ही दुबार."

दुबार नव्हतीच. आधीची बायकोची होती, ही नवऱ्याची. एक घर, एक फोन, दोन चष्मे!

संध्याकाळपर्यंत आणखी दोन. दोघे भाऊ, आणि मायलेकी. बाईंनी दुकानांना विचारलं तर गेल्या महिन्यापासून बाराही ठिकाणी पाटी लागलीय, 'घरच्यांना सोबत आणा, सगळ्यांचे डोळे एकदम तपासा'. मी स्वतः ती पाटी पुसायचे रोज फडक्याने. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

२० तारीख, शुक्रवार

गुपचूप आज बोलला. मी मोजायचं सोडून दिलं.

त्या दोन ओळी त्याच्याच. कामाला लागल्याच्या पहिल्या आठवड्यातल्या. दुकानदार घाईत बटण दोनदा दाबायचे, एकेका माणसाला दोन दोन चष्मे जायचे. म्हणून त्याने ठरवून टाकलं, एका फोनचं दिवसाला एकच. दुसरं आलं तर मुकाट टाकून द्यायचं.

"टाकताना सांगितलं का नाहीस कोणाला?"

"सांगण्यासारखं काय होतं? टाकलं म्हणजे झालंच की."

"पलीकडे कोणीतरी वाट बघत असतं ना," बाई म्हणाल्या. रागाने नाही. "टाकायचं तर टाक. पण टाकलं म्हणून सांग. त्याशिवाय माणसाने किती दिवस थांबायचं ते त्याला कसं कळावं?"

गुपचूप मान खाली घालून बसला. मला त्याची फार दया आली. कानशिलं माझीही तापली होती. का कोण जाणे. खोलीत उकडतंही होतं.

मग मी त्याला माझ्या डब्यातलं अर्धं दिलं आणि आम्ही दोघांनी मिळून त्या दोन ओळी बदलल्या. आता फोन, नाव आणि दोन्ही डोळ्यांचे नंबर, सगळं जुळलं तरच दुबार.

२३ तारीख, सोमवार

आजवर टाकून दिलेल्या सगळ्या ऑर्डरींची यादी काढली. चव्वेचाळीस. त्यातली एक शून्य दुकानातली, भिंगरी. ती खोडली, उगीच काचा वाया नकोत. उरल्या त्रेचाळीस, त्या पुन्हा पाठवल्या. बाबांची यादीत नव्हतीच, ती काही हरवली नव्हती ना. तेवढं एक बरं.

त्रेचाळीस घरी फोन करून माफी मागायचं काम माझ्याकडे. एक आजोबा म्हणाले, "मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं असेल, म्हणून विचारलं नाही." त्यांची माफी दोनदा मागितली.

२६ तारीख, गुरुवार

तीन दिवस एकही हरवली नाही. दुकानांचा आकडा आणि कारखान्याचा आकडा, जुळे भाऊ. बाई खाली गुणगुणत होत्या. सूर घड्याळासारखाच, थोडा मागे.

आज काहीच काम नव्हतं म्हणून गुपचूपबरोबर कारखाना बघून आले. काच खरंच पाण्याखाली फिरते. घासणाऱ्याने एक तयार काच माझ्या बोटात दिली, अजून ओली होती. म्हणाला, ही कोणाची ते मला माहीत नसतं, मला फक्त आकडा माहीत. मी म्हटलं, मला एक आकडा माहीत आहे.

२९ तारीख, रविवार

मावशी दर रविवारी जिन्याखालून विचारतात, "अजून आहेस का गं?" हा त्यांचा विनोद. त्यांच्या खोलीत आजवर कोणी सहा आठवड्यांच्या वर टिकलं नाही.

"आहे," म्हटलं. "मावशी, खिळा आणखी चार मारू का? कपडे टांगायला."

"मार. हातोडी घे. भिंत पाडू नकोस."

खिळे मारले. पिशवी रिकामी केली, तिची घडी घालून गादीखाली ठेवली. तळाशी घड्याळाची एक जुनी कमान निघाली, एवढीशी. कधी आली माझ्याबरोबर देव जाणे.

मग बाबांना पत्र लिहायला बसले. तीन कागद फाडले. पहिल्यात फार बोलले, दुसऱ्यात नुसतं "पोचले". चौथ्या कागदावर तारखा घातल्या आणि प्रत्येक तारखेपुढे कुठे होते, काय केलं. जिथे काहीच केलं नाही तिथे शून्य. शून्यं बरीच झाली. शेवटी खोलीचा पत्ता लिहिला. पाकीट वहीत ठेवलंय. उद्या टाकीन. उद्या नाही तर परवा.

३० तारीख, सोमवार

तीस तारीख यांचा फोन दहालाच आला. बाई ऐकत होत्या, मी आणि गुपचूप जिन्यावर एकमेकांना धरून. बाईंनी फोन ठेवला. म्हणाल्या, "कनेक्टर राहिला. पुढचं बोलणं पुढच्या महिन्यात. कोणत्या तारखेला ते सांगत नाही, ओळखा."

गुपचूप ओरडला. खरंच ओरडला.

जेवणाच्या सुट्टीत वर येऊन हे लिहितेय. पाकीट अजून वहीतच आहे. तिकीट लावायचं राहिलंय. टपाल पेटी कोपऱ्यावरच आहे, पण

गुपचूप आला. एवढा वेळ दारात उभा होता, मला कळलंच नाही. तो बोलला ते जसंच्या तसं आधी लिहून ठेवते.

"खाली एक गृहस्थ आलेत. रात्रीच्या गाडीने आले म्हणे. तक्रार आहे. चष्मा मागवला नव्हता तरी घरी आला, आणि डाव्या डोळ्याला जरा कमी पडतो. चिठ्ठीवर दुकान शून्य, पत्ता आपला."

"तपकिरी?"

"तपकिरी. रुंद काडी. मला विचारलं, भिंगरी कुठे बसते? मी सांगितलं, ती चाचणीतली आहे, माणूस नाही."

"मग?"

"मग बराच वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मग खुर्चीवर चढून ते उतरवलं. बाईंनी टेबल रिकामं करून दिलंय. आता मागचं झाकण काढून बसलेत. म्हणतात, आतलं वाचायला चांगल्या डोळ्यांचं कोणीतरी पाठवा."